घरात आणखी कुणाला?

रेवा, नील, तुमची हरणीची आजी गेली हे बाबानं तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे. मला ते वसंतरावांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी सांगितलं. मी सकाळी तुवेरच्या शेंगा सोलत बसले होते. फोन वाजला आणि "ताई, शालू उठत नाहीये," एवढंच ते म्हणाले. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, हरणीला पोचेपर्यंत सोसायटीतल्या बायका जमल्या होत्या आणि डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच हृदय थांबलं. माझ्या पाठची बहीण माझ्याआधी गेली... लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं, तिचं गाणं, तिचं खळखळून हसणं, तिच्या हातचं श्रीखंड असं काहीबाही लिहीन. पण मनात वर येतं ते वेगळंच. मला शालूचा राग आलाय, आणि इतके आठवडे झाले तरी तो उतरलेला नाही. एरवी मी तो गिळून टाकला असता. पण रेवा, पुढच्या आठवड्यात तू पहिल्यांदा मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणार आहेस. तिथं तुला एक प्रश्न विचारतील आणि त्याचं खरं उत्तर तुझ्यापाशी असायला हवं. हे सगळं पेपरच्या पुरवणीत लिहू का, असं मी तुला विचारलं, तर "लिही की आजी, त्यात काय!" म्हणालीस. त्यात काय, हे तुमच्या पिढीला म्हणता येतं याचं मला बरं वाटलं.

तुमचे आजोबा गेल्याच्या दुसऱ्या वर्षी माझं बिनसलं. आयुष्यभर इंग्रजी शाळेत गणित शिकवलं, घरात प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक डब्याला नाव. ते सगळं हळूहळू सुटत गेलं. झोप पहाटेच तुटायची आणि मग छताकडे बघत पडून राहायचं. भूक नाही, कुणाशी बोलायची इच्छा नाही. तुमचा व्हिडिओ कॉल आला की केस विंचरून बसायचे आणि फोन ठेवला की तशीच आडवी व्हायचे. शालू एकदा चहा करायला स्वयंपाकघरात गेली आणि डबा हातात घेऊनच बाहेर आली.

"ताई, साखरेच्या डब्यात रवा आहे."

"असू दे."

"असू दे? आणि हे तू म्हणतेयस?" ती माझ्यासमोर बसलीच. "ऊठ. डॉक्टरकडे जाऊ या. डोक्याच्या."

"मी काय वेडी आहे?"

"वेडी असतीस तर रिक्षानं नसतं नेलं. ह्यांच्या स्कूटरवर मध्ये कोंबून नेलं असतं!"

कितीतरी दिवसांनी मी तेव्हा हसले. तिनं रावपुऱ्यातले एक डॉक्टर शोधले होते. एका भांड्यांच्या दुकानाच्या वर त्यांचा दवाखाना. मी म्हटलं, सुभानपुऱ्यात जवळपास कुणी नाही का, एवढ्या गर्दीत कशाला? तर म्हणाली, "जवळ नको. जिना चढताना तुझी जुनी विद्यार्थिनी भेटली तर? रावपुऱ्यात कुणी दिसलं तर म्हणायचं, कुकर घ्यायला आलोय." रिक्षात ती सारखी बोलत होती. आधीच्या सगळ्या तपासण्यांचे कागद घेतलेस ना, रक्तदाबाच्या गोळ्या बरोबर ठेव, कुठल्या घेतेस ते त्यांना दाखवावं लागतं. पहिल्या वेळी बराच वेळ लागतो, घाई करायची नाही. आधी अगदी साधं विचारतात, झोप कशी, जेवण कसं, घरी कोण कोण. मग एक अवघड विचारतात, की जगणं नकोसं वाटतं का. तेव्हा दचकायचं नाही, ते सगळ्यांनाच विचारतात, आणि वाटत असेल तर वाटतं म्हणायचं. रडू आलं तर रडायचं, टेबलावर कागदी रुमाल असतातच. विजेचे झटके वगैरे मनात आणू नकोस. बहुधा गोळ्या देतील, त्या लगेच लागू पडत नाहीत, दोन-तीन आठवडे दम धरायचा आणि मनानं बंद करायच्या नाहीत.

"तुला गं कसं एवढं माहीत?" मी विचारलं.

"आमच्या भजनातल्या कोकिळाबेनची सून जायची ना!"

सगळं अगदी तिनं सांगितल्यासारखंच झालं. डॉक्टर तरुण होते, मान खाली घालून लिहीत नव्हते, माझ्याकडे बघत ऐकत होते. अवघड प्रश्न आला तेव्हा मी दचकले नाही. खरं ते बोलले आणि रडलेही. शालूनं कागदी रुमाल पुढे केला. मग डॉक्टर म्हणाले, "घरात आणखी कुणाला असा त्रास झालाय का? आईवडील, भावंडं? विचारतो अशासाठी, की सख्ख्या नात्यात कुणाला एखादं औषध चांगलं लागू पडलेलं असेल, तर बरेचदा आम्ही तिथूनच सुरुवात करतो."

मी ताठ बसून सांगितलं, की आमचे आजोबा संस्थानच्या काळात तालुक्याचे वहिवाटदार होते, वडील हेडमास्तर, आमच्या घराण्यात असलं काही नाही. डॉक्टरांनी शालूकडे पाहिलं. ती म्हणाली, "नाही हो डॉक्टर. कुणालाच नाही."

त्यांनी दिलेली पहिली गोळी मला मानवली नाही. सकाळी उठलं की भोवळ यायची, तोंडाला कोरड, हात इतके थरथरायचे की कप बशीवर वाजायचा. डॉक्टरांनी मात्रा कमी करून पाहिली, वेळ बदलून पाहिली. तो सगळा उन्हाळा असा गेला. शालू माझ्याजवळ राहायला आली होती. मला न्हाऊ घालायची, वेणी घालायची, आणि माझे हात आपल्या हातात धरून बसायची. "डॉक्टरांना म्हण, दुसरी द्या. दुसरी असेलच की काहीतरी," असं ती पुन्हापुन्हा म्हणायची, आणि मला वाटायचं, बिचारीला काय कळतंय त्यातलं! शेवटी डॉक्टरांनी गोळी बदलली. पावसाळा सरता सरता मी डबे पुसायला काढले. साखर साखरेच्या जागी गेली.

आता तेराव्यानंतरची गोष्ट. हरणीच्या घरी आवराआवर चालली होती. आपल्याकडे माणूस गेलं की साड्या वाटतात, तशी न उघडलेली औषधंही कुणाच्या उपयोगाची असली तर देऊन टाकतात, फुकट कशाला घालवायची म्हणून. वसंतराव औषधांचा डबा घेऊन माझ्याकडे आले आणि दोन पाकिटं पुढे करून अगदी साधेपणानं म्हणाले, "ताई, ह्या तुम्हाला चालतील. तिच्याही ह्याच होत्या ना."

मी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. नाव तेच. माझी दुसरी गोळी.

"तिला कशाला?"

त्यांनी डबा खाली ठेवला. "म्हणजे? मीनलच्या जन्मानंतर तिला त्रास झाला, तेव्हापासून... मधे काही वर्षं बंद होत्या, मग परत सुरू केल्या. ताई, तुम्हाला माहीत होतं ना? ती तर म्हणायची, ताईला मी सगळं सांगितलंय, तुम्ही तिच्याजवळ विषय काढू नका, तिला वाईट वाटतं."

"कुठल्या डॉक्टरांकडे जायची?"

"तुमच्याकडेच की, सुभानपुऱ्यात. दर महिन्याला एका गुरुवारी मी कोपऱ्यावर सोडायचो. तिथलं आटपून तुमच्याकडे यायची."

मीनल म्हणजे तिची मुलगी, तिची मुलंसुद्धा आता कॉलेजात आहेत. इतकी वर्षं! आणि त्या गुरुवारी मी वरणफळं करायचे, कारण माझी बहीण हरणीहून एवढ्या लांब मला भेटायला यायची. आली की चेहऱ्यावर पाणी मारायची, दोन ताटल्या वरणफळं खायची आणि दिवाणावर अर्धा तास झोपायची. "तुझ्याकडे आलं की बरं वाटतं गं ताई," म्हणायची. मी शेजारच्या नयनाबेनना अभिमानानं सांगायचे, बघा, बहीण असावी तर अशी! शेजारणींना ती सांगायची, ताईकडे चालले. नवऱ्याला सांगायची, ताईला ठाऊक आहे. ती माझ्यासाठी येते असं मी धरून चालले होते, आणि ती माझं नाव पुढे करून दुसरीकडे जात होती. तेही मी सोडून दिलं असतं. आजार ज्याचा त्याचा, सांगावा न सांगावा. पण त्या दिवशी डॉक्टर कशासाठी विचारताहेत ते स्पष्ट सांगत होते, ते ऐकून ती "कुणालाच नाही" म्हणाली. नंतर माझे थरथरणारे हात तिनं हातात धरले आणि तेव्हाही त्या गोळीचं नाव तिच्या तोंडून निघालं नाही. दुसरी असेलच की काहीतरी... का नाही सांगितलंस शालू? मीनलच्या लग्नाची भीती होती म्हणावं तर ते कधीच होऊन गेलं होतं. मी कुणाला सांगेन असं वाटलं? विचारायला आता समोर कुणी नाही.

ती पाकिटं मी घेतली नाहीत. पण रेवा, तुझा फोन आला आणि मला वाटलं, शालूला नक्की काय होतं ते तुझ्या डॉक्टरांना कळायला हवं. म्हणून गेल्या गुरुवारी मी वसंतरावांनी सांगितलेल्या त्या दवाखान्यात गेले. माझ्या घरामागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. इतकी वर्षं पाटी दिसायची, मी कधी वाचली नव्हती. काउंटरवरच्या मुलीनं "बेसो, बा," म्हणून खिडकीजवळची खुर्ची दाखवली. डॉक्टर वयस्कर, सभ्य. माझं सगळं ऐकून म्हणाले, "बेन, पेशंटचं मी कुणाला सांगत नाही. बहिणीलाही नाही. नातीचे डॉक्टर विचारतील तर तुम्हाला जे ठाऊक आहे तेवढं पुरेसं आहे." मी निघाले. मनात म्हटलं, शालूनं माणूस बरोबर निवडला होता. तिच्यासारखाच.

पण त्याआधी, नंबर यायची वाट बघत मी त्या खुर्चीत बसले होते, तेव्हा खिडकीतून बाहेर पाहिलं. खाली आपल्या सोसायटीचा कडुलिंब, आणि त्याच्या पलीकडे माझी बाल्कनी. दोरीवर माझी निळी साडी वाळत होती. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती आणि ओट्यापर्यंत सगळं दिसत होतं. म्हणजे ती इथं बसून मला बघायची. मी तिच्यासाठी कणीक मळतेय, डाळ घोटतेय हे बघायची, आपला नंबर आला की आत जायची, आणि मग जिना उतरून माझी बेल वाजवायची. मला राग आला होता तो इथंही तसाच राहिला, फक्त त्याला बसायला जागा मिळाल्यासारखं झालं.

रेवा, तिथं गेलीस की तुला तो प्रश्न विचारतील. तेव्हा हो म्हणायचं. दोघी आज्या, सख्ख्या बहिणी, दोघींना एकच गोळी लागू पडली, असं सांगायचं. गोळीचं नाव मी तुला वेगळं पाठवलं आहे. शालूला हे आवडलं नसतं. नसू दे.