दोन बरण्यांतले तुडतुडे

आमच्या मोठ्या बाबांना, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाला, सगळं कळायचं. धान कळायचं, हवामान कळायचं, राजकारण कळायचं, आणि दुसऱ्यांच्या मुलींची लग्नं तर फारच कळायची. अर्जुनी मोरगावजवळच्या आमच्या घरात तेवीस माणसं होती आणि तेवीस जणांच्या वतीनं विचार ते एकटे करायचे. बाकीच्या बावीस डोक्यांना कायमची सुट्टी!

त्या सुट्टीतलं एक डोकं माझं. दोन हजार तीन-चारचा काळ. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, रोज गाडीनं गोंदियाला जाऊन प्राणिशास्त्र शिकत होते. पुढे एम.एस्सी.ला नागपूरला जायचं, वसतिगृहात राहायचं, एवढंच माझं मागणं होतं. मोठ्या बाबांनी मात्र तिरोड्याचं एक स्थळ ओसरीवर आणून ठेवलं होतं.

"नागपूर का इथं आहे? इतक्या लांब पोरगी कोण पाठवते?" ते म्हणाले. हेच मोठे बाबा पाहुण्यांना छाती फुगवून सांगायचे की आमचे पूर्वज माळव्यातून इथवर आले. माळव्याहून चालत आलेल्यांच्या वंशजाला नागपूर लांब वाटून राहिलं होतं. मी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "दादा म्हणतील तसं." बाबांचं हे वाक्य मला पाळण्यापासून पाठ आहे.

त्या वर्षी धानावर तुडतुडे पडले. तांदळाच्या दाण्याहून लहान, तपकिरी किडे. चुडाच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या जुडग्याच्या, बुडाशी बसून रस पितात आणि हिरव्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, वाळलेले गोल पडतात. मोठे बाबा बांधीत उतरले, वाकून पाहिलं आणि निकाल दिला, "याले तं पंखच नाही धड. हा कुठं जाते? या बांधीतून त्या बांधीत बी नाही जात." म्हणून बुडाशी फवारणी नाही. ओसरीवरच्या बल्बवर पंखवाले किडे आले की मगच घाबरायचं, असा त्यांचा शोध.

मला राहवलं नाही. "मोठे बाबा, हा तोच किडा आहे. आखूड पंखांचा घरी राहतो आणि अंडी घालत बसतो. गर्दी वाढली की त्याच किड्याच्या पिल्लांना लांब पंख येतात आणि ती उडून जातात."

"एकाच मायची लेकरं, अन एकाले पंख, एकाले नाही? येडी झाली का तू?"

"जनुकं सारखीच असतात. त्यातली कोणती वापरायची अन कोणती झाकून ठेवायची, ते आजूबाजूला कितीजण आहेत त्यावर ठरतं. ज्यांना गर्दी ओळखता आली त्यांचीच पिल्लं वाचली, बाकीची वाळल्या धानावर मेली. हजारो पिढ्यांत हे असं घडत आलं. आणि पंखांचं सगळं पिल्लूपणीच ठरतं. एकदा शेवटची कात टाकली की मग कितीही गर्दी होवो, आखूड ते आखूडच."

"दाखव," ते म्हणाले. "खरं निघालं तं नागपूरचं पाहू. खोटं निघालं तं तिरोडा."

झालं! माझं आयुष्य लोणच्याच्या दोन बरण्यांत येऊन बसलं. दोन्ही काचेच्या. दोन्हीत धानाचे चूड लावले, तोंडाला पातळ फडकं बांधलं. एकीत त्याच बांधीतली दोन पिल्लं, दुसरीत साठ. बरण्या ओसरीवर, कारण मोठ्या बाबांचा स्वयंपाकघरावर विश्वास नव्हता. दर तीन दिवसांनी मी ताजे चूड घालायची आणि ते खाटेवरून पहारा द्यायचे, मी कुणाला चोरून पंख चिकटवीन म्हणून!

पंधरा-सोळा दिवसांनी मोठे बाबा चष्मा पुसत बरण्यांवर वाकले. दोघांच्या बरणीत दोन आखूड पंखांचे, जाडजूड, सुखी तुडतुडे. गर्दीच्या बरणीत फडक्याला आतून लांब पंखांची रांगच लागली होती. सगळं घर जमलं. मला आनंदानं रडू येत होतं.

मोठ्या बाबांनी बराच वेळ पाहिलं. मग सरळ झाले आणि म्हणाले, "बरोबर आहे तुह्यं. गर्दीत ठेवलं की उडते. म्हणूनच तं सांगून राहिलो! त्या होस्टेलात दोनशे पोरी राहतात. तिथं ठेवू का तुले? नाही जमत."

घ्या! माझ्याच प्रयोगानं माझंच तोंड बंद केलं. इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता.

आता आईबद्दल सांगायला हवं. आई सतराव्या वर्षी या घरात आली. माहेरी एकुलती एक, घरात माणसं तीन. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी बोलत नाही. डोक्यावर पदर, आणि सगळं बोलणं पोरांमार्फत. मोठे बाबा दोन हातांच्या अंतरावर बसलेले असायचे आणि आई मला म्हणायची, "विचार त्यायले, भाकर वाढू का?" पोरं नसली तर मांजराला सांगायची. बावीस वर्षांत त्यांना हाक कशी मारायची, हेच तिला ठरवावं लागलं नव्हतं.

ती आई दारातून पुढे आली. डोक्यावर पदर होता, पण बोलली ती थेट त्यांच्याकडे पाहून.

"आपल्या घरी तेवीस माणसं राहतात. एका खोलीत सहा पोरी झोपतात. होस्टेल आणखी काय करन? तिचे पंख इथंच फुटले."

मोठे बाबा बरणीकडे पाहत राहिले. मग बाबांना म्हणाले, "नागपूरच्या होस्टेलातल्या जागेची चौकशी कर." उठून बांधीवर गेले आणि गड्याला सांगितलं, बुडाशी फवार. अर्धं धान तोवर गेलं होतं, पण ते कसं बोलायचं?

दुसऱ्या दिवशी आई पुन्हा मांजरामार्फत बोलू लागली.

पुढच्या पावसाळ्यात मी नागपूरला निघाले. स्टेशनवर आई डबा घेऊन आली होती. गाडी दिसायला लागली तशी तिनं हळूच विचारलं, "एक सांग. मी बी तं बावीस वर्षं याच गर्दीत राह्यली. मंग माह्ये काऊन नाही फुटले?"

मला उत्तर येत होतं. परीक्षेत मी ते लिहून आले होते, पूर्ण मार्कही मिळाले होते.

"ते पुस्तकात नाही दिलं, आई," मी म्हटलं, आणि डबा घेऊन गाडीत चढले.