भांडायचे दात

त्या दुपारी आम्ही ओसरीवर बसून उकडलेल्या तुरीच्या शेंगा खाल्ल्या. शेवंतानं आधी कवळी काढून वाटीत टाकली. माझी बायको जेवताना दात काढायची आणि भांडताना लावायची. अल्लीपूरच्या बाजारात कोणी वांग्याचा भाव पाडून मागितला की म्हणायची, "थांब बाप्पा, दात लावू दे. मंग बोलतो तुह्याशी." अर्धी गिऱ्हाइकं तिथंच भाव कबूल करायची.

तिचे पुढचे चार दात आणि दोन दाढा गेल्या होत्या. पहिली कवळी प्लास्टिकची, तारवाली. "टाळूवर पत्रावळ ठेवल्यावानी वाटते. भाजीत मीठ हाये का नाई, समजत नाई." मग मऊवाली केली. "हे त रबर हाये. भाकर दबते, तुटत नाई."

डॉक्टरनं विचारलं, "आजी, आता समाधान आहे ना?"

"तुमचं झालं असन, डाक्टरसाहेब. माहं जेवण व्हायचं हाये."

माझी कवळी धातूची, पातळ, घट्ट बसणारी. मी मुद्दाम तिच्यासमोर फुटाणे फोडायचो. ती जळायची. "देवाचं पाहा. ज्याले बोलता येत नाई, त्याले पक्के दात!" दोघांच्या वाट्यांतलं पाणी रोज सकाळी मी बदलायचो. माझं घरकाम तेवढंच.

तिचं एकच सांगणं होतं. "मी मेली त दात लावूनच नेजा. वर तुमची माय बसली हाये. बोळक्या तोंडानं तिले काय उत्तर देऊ?" माझी आई तिला वीस वर्षं घालूनपाडून बोलली. तेव्हा सगळे दात होते, पण हिनं तोंड उघडलं नाही. मीही नाही.

शेंगा खाऊन मीही माझी कवळी वाटीत काढली, दोन्ही वाट्या फळीवर ठेवल्या आणि दोघं आडवे झालो. मी उठलो, ती उठली नाही.

संध्याकाळी नेताना मी हटून बसलो, दात लावल्याशिवाय उचलायचं नाही. लोक म्हणाले, म्हातारा भ्रमला. फळीवर दोन वाट्या. डोळ्यांत पाणी. हाताला लागली ती कवळी घेतली. तिच्या तोंडात नीट बसेना. वाटलं, हिला हीसुद्धा पसंत नाही. दाबून बसवली.

सकाळी राख सावडायला गेलो. साळ्यानं राखेतून धातूची काळी पट्टी उचलली. "भाऊजी, हे काय होय?"

"माहे दात," मी म्हणालो.

त्याला हसू आवरेना. मलाही. पट्टी तिच्या अस्थींबरोबर मडक्यात टाकली. माय, आता तू पाहून घे.

घरी येऊन माझी वाटी पालथी घातली. तिच्या वाटीतलं पाणी बदललं.