अकराव्या मिनिटाचा वास

चित्रा आमच्या कॉलेजात संशोधनासाठी दाखल झाली त्या दिवशी तिने मला नमस्कार केला आणि लगेच टेबलावरच्या माझ्या डब्याकडे पाहत म्हणाली, "सर, डब्यात चिन्नोर हाय. पन साधा तांदूळ मिसळेल हाय त्यात." डब्याचं झाकण लागलेलं होतं. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटच्या त्या सुगंधी तांदळात बायकोने खरंच साधा तांदूळ घातला होता, हे मला घरी विचारल्यावर कळलं.

ती लालबर्रा भागातल्या शेतकऱ्याची मुलगी. चिन्नोरचा वास का उतरत चाललाय, हा तिच्या संशोधनाचा विषय. बियाण्यात भेसळ झाली असावी, असं शेतकरी म्हणत. अस्सल वाण शोधायचं तर वास मोजायला हवा, आणि तसं यंत्र आमच्याकडे नव्हतं. ती भात शिजवायची, हुंगायची आणि वहीत लिहायची. रसायनशास्त्र शिकवण्यात माझे केस पिकलेले. मी म्हणालो, "चित्रा, नाकाने विज्ञान होत नाही."

"काहून नाही होत, सर?"

मी तिची वही मिटून परत दिली. मत बदललं नाही.

पुढे तिला शिष्यवृत्ती मिळाली, जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत तीन महिने राहण्याची. निघताना घाबरली होती. "मले तं इंग्रजी बोलताना घाम फुटते, सर."

तिथलं यंत्र वासाचे घटक सुटे करून एकेक बाहेर सोडायचं. अर्धा भाग यंत्र मोजायचं, अर्धा काचेच्या नळीतून माणसाच्या नाकाशी यायचा. वास आला की बटण दाबायचं. चित्राने अकराव्या मिनिटाला बटण दाबलं, तेव्हा पडद्यावरची रेघ सपाट होती. तिथल्या प्राध्यापक बाईंनी यंत्र तपासलं, नमुन्यांची नावं झाकली, क्रम बदलला आणि आठवडाभर तिला पुन्हा पुन्हा बसवलं. तिने घरून नेलेला अस्सल चिन्नोर असला की चित्राचं बोट अकराव्या मिनिटाला बटणावर पडायचं. साध्या तांदळाला एकदाही नाही. शेवटी दसपट तांदळाचा अर्क काढला, तेव्हा नेमक्या त्या जागी रेघ जराशी वर उचलली गेली.

तिचा फोन आला, तेव्हा मी वर्गाबाहेर उभा होतो. "सर, मशीनले आज दिसलं. मले पयल्या दिवशीच वास आलता." मग म्हणाली, "मॅडमनं मले खोटी नाही म्हटलं. खरीबी नाही म्हटलं. तपासून पाह्यलं."

परत येताना यंत्र आणता येणार नव्हतं. ती तपासण्याची रीत घेऊन आली. आपल्या भागातल्या आठ शेतकरी बायकांना तिने कॉलेजात बोलावलं. झाकण घातलेल्या भाताच्या वाट्या, वाट्यांवर फक्त आकडे; अस्सल चिन्नोर वाटेल त्या निवडायच्या. कुठला आकडा कुणाच्या शेताचा, ती यादी माझ्या खिशात. चित्रालाही ठाऊक नव्हती. बायका एकमेकींशी न बोलता हुंगत होत्या. तीन दिवस, रोज नवे आकडे. शेवटी मी यादी उघडून जुळवू लागलो. आठही जणींनी तिन्ही दिवस त्याच तीन शेतांचा भात निवडला होता. मी दोनदा जुळवलं.

चित्रा नोंदींचा कागद आवरत होती. बायकांमधल्या सगळ्यांत वयस्क यशोदाबाई म्हणाल्या, "पोरी, त्याच्यावर माहं नाव लिव्ह."

"हौ, लिहितो. पन काहून, मावशी?"

"उद्या कोनी म्हनलं हे चुकीचं हाय, तं त्याले माह्याकडं धाड."

चित्रा उठली, आपली खुर्ची त्यांना दिली आणि हातात पेन ठेवलं. यशोदाबाईंनी एकेक अक्षर जोडत नाव लिहिलं. त्यांच्यामागे उरलेल्या सातजणी रांगेत उभ्या राहिल्या.