चिकाचे डाग

फोन आला तेव्हा माझे हात पिठात होते. बिलोलीहून रेखा, माझी भावजय, बोलत होती. सोमनाथ वर्गात फळ्यासमोरच कोसळला होता... दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्याला आता दीड महिना झाला.

माझा धाकटा भाऊ. मी चौथीत शाळा सोडली, तो बीएड झाला, म्हणून माहेरी त्याचा केवढा मान! लागला मात्र विनाअनुदानित शाळेत. सरकारी अनुदान आलं की पगार सुरू होणार, एवढ्याच भरवशावर वर्षानुवर्षं बिनपगारी शिकवत राहिला. अनुदानाची पहिली घोषणा झाली तेव्हा अर्धापूरला आमच्याकडं पेढे घेऊन आला, गल्लीभर वाटले. पगार काही आला नाही. दुसऱ्या घोषणेलाही त्यानं पेढे आणले. सासूबाई म्हणाल्या, "मास्तर, हे पगाराचे का नुसत्या बातमीचे?" सगळे हसले. तोही हसला. पुढं घोषणा होत राहिल्या, पेढे आले नाहीत.

सुट्टीत मात्र तो यायचा. रेखाला सांगायचा, आक्काच्या गावात शिकवण्या घेतो. आणि इथं केळीच्या बागेत घड वाहायला जायचा. केळीचा चीक कपड्यावर काळा पडतो, धुतला तरी निघत नाही. म्हणून एक जुना निळा शर्ट त्यानं आमच्याकडंच ठेवला होता. शेजारणींना मी सांगायचे, भाऊ सुट्टीला आलाय. एकदा त्याचा सोललेला खांदा बघून मी म्हणाले, "सोड की ती शाळा."

"आन् दहावीच्या पोरांना गणित कोण शिकवंल, आक्का?" मग म्हणाला, "बागेतलं कुणाला बोलू नको. सर म्हणतेत मला."

परवा रेखाचा पुन्हा फोन आला. शाळेला अनुदान मंजूर झालं, शिक्षक घरी पेढे ठेवून गेले म्हणाली. ऐकून क्षणभर मला आनंदच झाला, आणि मग त्याचीच लाज वाटली. तीच पुढं म्हणाली, "आक्का, त्यांचा निळा शर्ट तुमच्याकडंच हाय ना? मला पाठवून द्या."

साबण लावला, लिंबू चोळलं, रॉकेलनं घासून पाहिलं. शेजारीण दोरीवरचा शर्ट बघून म्हणाली, "भावाचा ना? सुट्टीला यायचा बिचारा." मी मान हलवली.

रेखाला सांगितलंय, सापडला की पाठवते. शर्ट पुन्हा त्याच्या खुंटीवर टांगलाय.