रंजीताची फ्रेंच परीक्षा

चंद्रपूरकडच्या मूल तालुक्यातल्या एका जंगल-गेटवर रंजीता नऊ वर्षांपासून गाईड आहे. खाकी शर्ट, पायात काळे बूट, आणि तोंड असं चालू की वाघ दिसला नाही तरी पाहुणा हसतच परत जातो. शाळा मात्र आठवीतच सुटली. त्यानंतर पास झाल्याचा एकही कागद तिच्या हाती आला नाही. गाईडचं ट्रेनिंग झालं, पण त्यात सगळेच पास! असल्या पास होण्यात काय मजा? ही गोष्ट तिला फार लागायची.

यंदा पावसाळ्यात गेट बंद असताना गावच्या समितीनं फ्रेंचचा वर्ग काढला. फ्रान्सचे पाहुणे वाढले होते. दर रविवारी चंद्रपूरहून दिव्यानी मॅडम शिकवायला येत. बारा जण बसले, महिन्याभरात दोघंच उरले. एक रंजीता, दुसरा इंग्रजी शाळेत शिकलेला गाईड विक्की.

बाकीचे पळाले ते लिंगाच्या धड्याला. फ्रेंचमध्ये नाम बाई असेल तर त्याचं विशेषणही बाईसारखं बोलायचं, पुरुष असेल तर पुरुषासारखं. विक्की वैतागला, "मॅडम, टेबल काऊन बाई राह्यते? टेबलाले काय समजते?"

"काऊन रे," रंजीता म्हणाली, "आपली खुर्ची बाई नाई का? तू काय 'काळा खुर्ची' म्हणतं का बे?"

मॅडम हसता हसता खाली बसल्या. अहो, आपण तर जन्मापासून हेच करत आलो! काळा बैल, काळी गाय. रंजीताला एवढं कळलं आणि तिची भीती पळाली. अडचण एकच, फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाही. म्हणजे आपलं घर तिकडे बाई झालं नि झाड पुरुष. मग ती रोवणीच्या ओळीत धान लावता लावता पुटपुटायची, "ला फोरे ए वेर्त, जंगल हिरवी हाय." शेजारची रंभा घाबरलीच, "हे कोणत्या देवाचं हाय वो?"

ऑक्टोबरात गेट उघडलं तशी परीक्षा ठरली. मॅडम जिप्सीत मागे बसणार, गाईडनं दिसेल ते चाळीस मिनिटं फ्रेंचमध्ये सांगायचं. चुकीला अर्धा मार्क कमी, आणि दोन मिनिटांवर गप्प राहिलं की नापास. विक्की पहिल्या दिवशीच 'काळा खुर्ची'च्या वाटेनं नापास होऊन, वर मॅडमकडेच पार्टी मागून मोकळा झाला.

रंजीताची गाडी झकास सुटली. मोर झाला, तळं झालं, बांबू झाला. मॅडमचं पेन मान हलवल्यासारखं टिक मारत होतं. वीसेक मिनिटं झाली आणि उजवीकडून चितळ ओरडलं. ड्रायव्हर लालसूनं जिप्सी बंद केली. रंजीताचा हात आपोआप वर गेला, तोंड मिटलं.

चितळाचा असा कॉल म्हणजे वाघ जवळ, आणि कॉल झाला की हूं नाही की चूं नाही, ही इथल्या गाईडची सवय. पण आज? बोल ना बाई, बोल, तिचं मन ओरडत होतं, दोन शब्द तरी बोल, आयुष्यातली एकच परीक्षा हाये! जीभ हलेना. दोन मिनिटं गेली, पाच गेली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी हात वरच.

आणि बांबूतून वाघीण आली, मागे दोन पिल्लं. रस्त्यात बसली, पंजा चाटला, पिल्लांनी तिची शेपटी ओढली, मग तिघंही आरामात नाल्यात उतरली.

लालसूनं जिप्सी गेटवर परत आणली. उतरल्याबरोबर रंजीता म्हणाली, "गेली ना माही परीक्षा. लिहा मॅडम, नापास लिहा. मले वाईट वाटते, पण मी बोलली नसतीच."

मॅडमच्या कागदावरच्या खुणा चितळ ओरडलं तिथेच थांबल्या होत्या. "ताई, मी जन्मात पहिल्यांदा वाघ पाहिला. घड्याळाकडे कोण बघतंय! आणि वाघीण समोर असताना बडबडणाऱ्या गाईडला मी पास करणार नाही, मीच लिहिलेला नियम चुकला. चला, वीस मिनिटं उरलीत. आत्ता काय पाहिलं ते सांगा."

रंजीतानं डोळे पुसले आणि सुरू झाली. वाघीण मोठी, वाघीण देखणी, वाघीण थकलेली, सगळी विशेषणं वाघिणीमागे बायकी होऊन रांगेत चाललेली. गेटवरचे लोक जमले. एक अक्षर कळत नव्हतं, पण शेपटी ओढल्याचं हातानं दाखवलं तेव्हा सगळे हसले. लालसू तर म्हणाला, "माह्या जिप्सीतून पाहिलं ते, सांगजा!"

मॅडमनं पेन टोपणात घातलं. "बस्स ताई, झाली वीस मिनिटं. तीनच चुका. तुम्ही पास!"

"थांबा ना मॅडम," रंजीता म्हणाली, "दुसरं पिल्लू राह्यलं अजून!"