दोन बोटे उघडी काच

वसंता गेल्याची बातमी मला दोनदा ऐकावी लागली. भातकुलीहून शोभाचा, वसंताच्या बायकोचा, फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या घरी खिडकीपाशी उभी होते. खाली ऑटोंचा कलकलाट चालला होता, आणि शोभाचा आवाज मुळातच इतका मऊ, की तो कानापर्यंत पोचण्याआधीच कुठेतरी टेकून बसतो. ‘काय म्हणालीस?’ मी विचारले. तिने तेच शब्द तितक्याच हळू पुन्हा उच्चारले, “हे झोपीतच गेले, बाई.” दुपारी जेवून आडवा झालेला माझा भाऊ उठलाच नव्हता... फोन ठेवल्यावर पुष्कळ वेळाने ध्यानात आले, की ‘काय म्हणालीस’ हा प्रश्न माझा नव्हता. तो वसंताचा होता. त्या घरात तो प्रश्न त्यानेच आणला होता, आणि त्या प्रश्नाच्या भीतीत आम्ही एक अख्खा हिवाळा काढला होता.

भावंडांत मी मोठी, म्हणून दोघांचीही ‘बाई’. मी महाविद्यालयात कविता शिकवत राहिले. वसंताने वडिलांची काळी जमीन हाती घेतली, तिच्या एका तुकड्यात मोगरा, शेवंती, झेंडू लावला, आणि आपली व शेजाऱ्यांची फुले जुन्या ट्रकमधून अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीपलीकडच्या फुलबाजारात नेऊ लागला. त्या ट्रकचे इंजिन जवळजवळ त्याच्या गुडघ्याशीच होते. केबिन म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. मूर्तिजापूरपर्यंत त्यात बसून गेले की उतरल्यावरही अंगात घरघर शिल्लक राही. त्या घरघरीने आधी त्याचा डावा कान नेला. अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितले, गाडी सोडा, नाहीतर आवाज तरी कमी करा. उजवाही त्याच वाटेवर आहे. गाडी सोडणे त्याच्या स्वभावात नव्हते. दुसऱ्याच्या हाती फुले दिली की ती माल होतात, असे त्याला वाटे. इकडे शोभाने बोलणे हळूहळू कमी केले. प्रत्येक वाक्य दोनदा सांगण्याचा तिला कंटाळा नव्हता, संकोच होता. दुसऱ्यांदा सांगितलेली माया शिळी होते ना... मग ती मीठ-मिरचीपुरतेच बोलू लागली. एका घरातले बोलणे आटताना मी पाहत होते, आणि माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

तेव्हा वसंताने केबिनला आतून अस्तर लावायचे ठरवले. त्यासाठी त्याने घेतले काय, तर कापूस. वऱ्हाडातल्या माणसाला मऊपणासाठी आणखी काय सुचणार! वेचणीच्या शेवटी उरलेला, सरकीसकटचा कवडी कापूस घरात पडून होता. तो त्याने टपाखाली, दरवाजांच्या पोकळीत, पायांखाली गच्च भरला आणि वरून रेक्झिन ठोकून घेतले. पहिल्या खेपेनंतर अकोल्याहून त्याचा फोन आला, “बाई, रेडिओतला तबला आयकू येऊन रायला मले.” त्या सकाळी माझा चहा गार झाला आणि तो मला गोड लागला.

थंडी पडली तसा वास येऊ लागला. एकदा त्याच्यासोबत बदनेऱ्यापर्यंत गेले, तेव्हा शेवंतीच्या वासामागे लपलेला तो मला कळला: न वाळवता घडी घातलेल्या गोधडीचा वास. शेवंतीच्या टोपल्या ओल्या फडक्यांत गुंडाळून तो आपल्या शेजारी केबिनमध्येच ठेवी. आणि मग माझ्या मनगटावर वरून एक थेंब पडला. गार, मातकट... वसंता म्हणाला, टप गळतो. घरी येऊन त्याने टपावर डांबर ओतले. थेंब थांबले नाहीत. त्याने आणखी डांबर ओतले. रेक्झिनवर तपकिरी नकाशे उमटू लागले, आणि मला रात्री झोप लागेना. कारण हे अस्तर टिकले नाही तर उजवा कान टिकणार नव्हता, एवढे ते सरळ होते.

एकदा मी भातकुलीला गेले, तेव्हा शोभा ओसरीत भाजी निवडत होती. ती काहीतरी म्हणाली. “काय म्हनून रायली?” वसंताने विचारले. ती पुन्हा म्हणाली, त्याने पुन्हा विचारले. तेव्हा ती उठली, त्याचे मनगट धरून त्याला चुलीपाशी घेऊन गेली आणि शिजत्या भातावरचे झाकण उचलून त्याच्यासमोर उलटे धरले. झाकणाच्या आतल्या अंगावर थेंबांची दाटी होती. “पाऊस कुठी हाय?” ती म्हणाली. “पानी आतलंच हाय. तुमचा श्वास अन् तुमची शेवंती.” वसंताने झाकणावरून बोट फिरवले आणि पेचकस घेऊन तो ट्रककडे निघाला.

रेक्झिन उसवले तेव्हा मीही तिथे होते. कापूस बाहेर आला तो काळपट, जड. केबिनमधली ऊबदार ओल त्यातून वर जाऊन थंड पत्र्याला भिडत होती आणि तिथेच पाणी होत होती. ते पाणी कापूस पीत होता आणि पत्र्याला धरून ठेवत होता. टपाला आतून गंज चढला होता. दरवाजाच्या तळाशी पाणी निथळायला भोके असतात, ती बुजून गेली होती. वसंताने तिथे बोटे घातली आणि तो थबकला. बाहेर आलेल्या पुंजक्यात सरकीला फिकट पांढरे कोंब फुटलेले होते. “पाहा बाई,” तो हसत म्हणाला, “दरवाज्यातच पेरनी झाली.” शोभाने कोंबाकडे पाहिले. “वावरात उगवत नाई, अन् गाडीत उगवलं!” आम्ही तिघेही हसलो. पण तो कोंब मला दिसत राहिला. बंद अस्तरामागे, कुणाच्या नकळत, केवढी ओल साठली होती...

मग सारे नव्याने झाले. गंज खरवडला, केबिन माघातल्या उन्हात उघडी ठेवून सुकवली, पत्र्याला गंजरोधक रेड ऑक्साइड लावले. पाणी न पिणाऱ्या फोमचे तुकडे पत्र्याला घट्ट चिकटवले, मधे हवेला फट न ठेवता. सांधे पट्टीने बंद केले, म्हणजे उबेला गार लोखंड भेटायलाच नको. पायांखाली आणि इंजिनाच्या झाकणावर जड रबर बसले. दरवाजातली भोके मोकळी राहिली, टोपल्या मागे हौद्यात गेल्या. उरला श्वास. त्याला बाहेर जायला वाट हवी, म्हणून काच दोन बोटे उघडी ठेव, असा माझा हट्ट. त्या फटीतून आवाज येतो, असे त्याचे म्हणणे. शेवटी त्यानेच तोडगा काढला: डावीकडची काच उघडी ठेवायची. “तिकडचा कान तं गेलाच हाय,” तो म्हणाला, जणू गेलेल्या कानाला काम मिळाले.

उजवा कान राहिला. दर सकाळी किल्ली फिरवण्याआधी वसंता वर हात करून टपाचे अस्तर तळव्याने चाचपी आणि मला फोन करी, “कोरडं हाय, बाई.” एवढेच. फोन यायला उशीर झाला की मी घरात येरझारा घालत असे. शोभा अधूनमधून त्याच्याबरोबर अकोल्याला जाऊ लागली. काय बोलत होते वाटेत, मी कधी विचारले नाही. पण घरापेक्षा ती केबिनच आता शांत होती. तिथे तिला काही दोनदा सांगावे लागत नसे.

परवा, वसंताचे दिवस झाल्यावर, भातकुलीला गेले, तेव्हा सकाळचे धुके अजून अंगणात होते. ट्रक गोठ्याशेजारी उभा. शोभा केबिनमध्ये, डाव्या बाजूला, आपल्या जागेवर बसलेली. मी वळसा घालून वसंताच्या जागेवर चढले आणि दार ओढून घेतले. बाहेरचे जग एकदम दूर गेले. मी वर हात केला. अस्तर कोरडे होते, ठणठणीत कोरडे. इतके दिवस त्यात कुणी श्वासच घेतला नव्हता. ज्या ओलीला आम्ही एवढे भ्यालो, तिचा एक थेंब तरी तळव्याला लागावा, असे वाटले... लागला नाही.

आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. हळूहळू समोरची काच कडांपासून धुरकट होत आली, आणि अंगण दिसेनासे झाले. मांजर शिरेल म्हणून कुणीतरी डावी काच पूर्ण लावून टाकली होती.

“बाई,” शोभा म्हणाली, नेहमीच्याच आवाजात, “काच उघडू थोडी?”

मला पहिल्याच वेळी ऐकू आले. मी मान हलवली. तिने हँडल फिरवले, फटीत दोन बोटे घालून पाहिली, आणि हात मांडीवर परत ठेवला.