म्हनून दाखवा

आमच्या कंट्रोलर साहेबांनी जन्मात एकाही माणसाच्या 'हो'वर विश्वास ठेवलेला नाही. स्वतःच्या लग्नात अक्षता पडून गेल्यावर त्यांनी भटजींना बाजूला घेऊन "झालं ना नक्की?" असं दोनदा विचारलं होतं. ही गोष्ट मला खुद्द काकूंनी सांगितली, आणि काकू काही ती कौतुकानं सांगत नव्हत्या. साहेब पूर्वी बसस्टँडावर कंट्रोलर होते. निवृत्त झाल्यावर दोन एकर मिरची करता करता ते आमच्या मेहकरच्या भाजीवाल्या शेतकऱ्यांच्या कंपनीचे अध्यक्ष झाले. मी त्या कंपनीचं ऑफिस सांभाळते, त्यामुळे साहेबांचा अविश्वास रोज सकाळी दहापासून पहिल्या रांगेत बसून पाहायची माझी आपोआप सोय झाली. कंपनी म्हटल्यावर कुणी काचेची इमारत डोळ्यांसमोर आणू नये. एक पत्र्याचं शेड, एक वजनकाटा, क्रेटची चळत आणि कोपऱ्यात माझं टेबल, एवढाच तो पसारा.

साहेब अध्यक्ष झाले तेच मुळी एका 'हाव'मुळे. त्यांच्या आधीचे अध्यक्ष फार गोड माणूस. आमची मिरची घेणाऱ्या चटणीच्या कारखान्यातला अधिकारी फोनवर बोलत राहायचा आणि हे इकडून "हाव, हाव" म्हणत राहायचे. आता आमच्याकडे 'हाव' म्हणजे दर वेळी होकारच असतो असं नाही. 'हाव' म्हणजे ऐकतोय, बोला. 'हाव' म्हणजे काही ऐकू येत नाही, पण तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. 'हाव' म्हणजे तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा आहे, आता फोन ठेवा. शहरातल्या अधिकाऱ्याला हे कुठून माहीत असणार? त्यानं "देठ काढून पाठवणार ना?" असं विचारलं, अध्यक्ष "हाव" म्हणाले, आणि देठासकट भरलेली गाडी जशी गेली तशीच परत आली. पुढचे आठ दिवस त्या सडक्या मिरचीच्या वासात आम्ही शिंकत बसलो. नंतरच्या सभेत कंट्रोलर साहेब निवडून आले आणि त्यांचा पहिला हुकूम सुटला: यापुढे निरोपाला कुणी 'हाव' म्हणायचं नाही. निरोप ऐकायचा आणि आपल्या तोंडानं परत सांगायचा.

तेव्हापासून रोज साडेतीनला त्यांचे फोन सुरू होत. "उद्या कवळी मिरची नको, देठ काढून, सात वाजेपर्यंत शेडात. काय समजलं, म्हनून दाखवा." पलीकडचा बिचारा म्हणायचा, "सात वाजेपर्यंत देठ काढतो." की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. साठीपुढची माणसं शाळेत पाढे म्हटल्यासारखी बांधावर उभं राहून मिरचीचे देठ पाठ म्हणायची. व्हॉट्सॲपवरच्या निळ्या खुणांवर साहेबांचा काडीचा भरवसा नव्हता. कुणी नुसता अंगठा पाठवला तर "हा अंगठा कोनाचा, अन् कायले?" म्हणून ते मला फोन लावून चौकशी करायला सांगत. चहावाल्यालाही सुटका नव्हती. "एक कमी साखरेचा, एक बिनसाखरेचा. म्हना." तो म्हणायचा, आणि दोन्ही कपांत साखर घालून आणायचा. तो हे मुद्दाम करत असावा असा माझा जुना संशय आहे.

एकदा बाहेरून एक सर प्रेरणादायी नेतृत्वाचं प्रशिक्षण द्यायला आले. त्यांनी आम्हाला डोळे मिटायला लावले, टाळ्या वाजवायला लावल्या, मिरचीनं हात झोंबत असताना शेजाऱ्याचे हात धरायला लावले. दोन तासांनी त्यांनी घाम पुसत "समजलं ना सगळ्यांना?" असं विचारलं आणि अख्खं शेड "हाव!" म्हणून गरजलं. सर प्रसन्न झाले. तेवढ्यात साहेब उठले. "सर, यातल्या कोनालेही तुमचं एक वाक्य म्हनाले लावा." सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. शेवटी मागून एक जण म्हणाला, "जेवन दीड वाजता हाये, असं म्हनले होते." खरं तर तेही सर नव्हते म्हणाले, मी म्हणाले होते.

इथवर सगळं हसण्यावारी जात होतं. पण साहेबांची आणखी एक सवय होती, ती मात्र मला खटकायची. रोज दुपारी तीनच्या सुमाराला ते फोन कानाला लावून शेडच्या मागे कडुनिंबाखाली जायचे आणि अर्धा तास हळू आवाजात बोलत राहायचे. कुणी जवळ गेलं की गप्प. ज्या माणसाला दुसऱ्याचं एक अक्षर खासगी ठेवलेलं खपत नाही, त्याचं असं कोणतं बोलणं असेल? एकदा मी रिकामे क्रेट आणायच्या निमित्तानं मागे गेले. "देठ काढून... नाही, नाही, आधी सात वाजता," एवढंच कानावर आलं. माझ्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस आपली मिरची परस्पर दुसऱ्या व्यापाऱ्याला देण्याचं ठरवतो आहे की काय? मी हे सुलतानपूरच्या मावशींजवळ बोलले. मावशी आमच्या सगळ्यांत जुन्या सभासद. त्यांच्याजवळ बोललं म्हणजे भोंग्यावरूनच सांगितलं. आठवड्याभरात अर्धे सभासद म्हणायला लागले की साहेबांना काढा, नाहीतर आम्ही आमची मिरची घेऊन वेगळे होतो. ते वेगळे झाले असते तर कंपनी राहिली नसती. आणि साहेबांच्या नावावर कायमचा डाग राहिला असता.

वार्षिक सभेत मावशीच उभ्या राहिल्या. पदर खोचून म्हणाल्या, "साहेब, तुमी रोज तीन वाजता कोनासंग बोलता? आमच्यावर तुमचा भरोसा नाही, मंग आमी तुमच्यावर काऊन ठेवाचा?"

दुसरा कुणी असता तर भडकला असता. साहेबांनी चष्मा काढला आणि सवयीनं निरोप परत म्हटला. "मी रोज कोनासंग बोलतो. अन् मी भरोसा ठेवत नाही, तं तुमी काऊन ठेवाचा. असंच ना?"

"असंच."

त्यांनी खिशातून फोन काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "ताई, पाहा. तीन वाजताचा एक तरी फोन सापडते का?"

मी पाहिलं. तीन ते साडेतीनच्या मध्ये एकही नव्हता, कोणत्याच दिवशी.

"फोन बंदच राह्यते," साहेब म्हणाले. "नुसता कानाले लावतो. मानूस एकटाच बोलून राह्यला असं कोनं म्हनू नये म्हनून. तुमाले जे सांगाचं राह्यते, ते आधी झाडाले सांगून पाह्यतो. कोनता शब्द आधी, कोनता मंग."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. साहेब हसले नाहीत.

"जिंदगीभर भोंग्यावर बोललो मी. नांदुऱ्याची गाडी लागली म्हनलं, का लगेच दहा जन खिडकीवर, नांदुऱ्याची गाडी कोनती हो? लोकं काही बहिरे नव्हते. मंग मलेच सांगता येत नसन ना? मावशी, तुमच्यावर भरोसा नाही असं नाही. माह्या सांगन्यावर नाही. तुमी परत म्हनलं, का मले झोप लागते."

मावशी उभ्याच होत्या. खोचलेला पदर सोडत म्हणाल्या, "मंग हे आधी सांगाचं ना!"

"तेच तं सांगता येत नव्हतं," साहेब म्हणाले.

त्यांना काढायला किती जण तयार आहेत, असं सभेत रीतसर विचारलं गेलं. एकही हात वर झाला नाही. साहेबांनी मात्र ते मला तीन वेळा मोजायला लावलं.

त्यानंतर दोन वर्षं ते अध्यक्ष होते. मग गुडघ्यांनी दगा दिला आणि ते काकूंना घेऊन नांदुऱ्याला मुलीकडे राहायला गेले. नवे अध्यक्ष तरुण आहेत, छान बोलतात, रोज सकाळी बासरीच्या सुरावर एक सुविचार पाठवतात. आम्ही अंगठे पाठवतो. काम चालतं. पण आपलं बोलणं समोरच्यापर्यंत पोचलं की नाही, या काळजीनं झाडापुढे उभा राहणारा माणूस आता शेडमागे नसतो, आणि दुपारी तीन वाजता मला ते फार जाणवतं.

तो संशय पहिल्यांदा माझ्या तोंडून निघाला, हे साहेबांना अजून माहीत नाही. मावशींनी माझं नाव घेतलं नाही. मी दोनदा नांदुऱ्याला जाऊन आले. बसमध्ये बसल्या बसल्या अख्खं वाक्य जुळवलं, कोणता शब्द आधी, कोणता नंतर. तिथे पोचल्यावर चहा प्यायले, गुडघ्यांची चौकशी केली आणि परत आले. त्यांचा फोन येतो. शेवटी ते दर वेळी विचारतात, "अजून काही सांगाचं हाये का, ताई?" मी नाही म्हणते, आणि मिरचीचं बोलायला लागते.